पेढीला विचारताना घरालाही विचारा

प्रति,
मा. कुलगुरू,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती



आजच्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांसाठी १९८३ साली आपले विद्यापीठ उभे राहिले. या पाचही जिल्ह्यांतला व्यापार मुख्यतः घराण्यांनी चालवला आहे. मलकापूरच्या बाजारपेठेत जिनिंग, डाळ मिल, अडत दुकान, कृषी केंद्र, कापड दुकान, सराफी यांतले काहीही घ्या, गादीवर बाप आणि मुलगा किंवा भाऊ-भाऊ बसलेले दिसतात. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांचे विद्यार्थी या धंद्यांवर संशोधन करू लागले की त्याची घडण बहुधा ठरलेली असते: एक प्रश्नावली, प्रत्येक प्रश्नाला ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय, शंभर-दोनशे भरलेले तक्ते, टक्केवारी आणि शेवटी गृहीतक स्वीकारले की नाकारले याचा निकाल. घराण्यांच्या व्यवसायांच्या बाबतीत ही घडण अपुरी पडते. त्यांच्यासाठी दीर्घ मुलाखती, प्रत्यक्ष निरीक्षण, जुन्या वह्या आणि कागदपत्रांचे वाचन अशा गुणात्मक पद्धतींना विद्यापीठाने बरोबरीचे स्थान द्यावे आणि तितक्याच कडकपणे त्या तपासाव्यात, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रश्नावलीत एक विधान हमखास असते: व्यवसायातले महत्त्वाचे निर्णय कुटुंबात एकत्रितपणे घेतले जातात. तक्ता गादीवरच्या माणसाच्या हाती पडतो आणि तो ‘पूर्ण सहमत’वर खूण करतो. त्यात त्याचा खोटेपणा नसतो, त्याला खरोखर तसेच वाटते. पण हेच विधान धाकट्या भावाला, म्हाताऱ्या आईला, कॉमर्स शिकून आलेल्या सुनेला आणि लग्न होऊन जळगावला गेलेल्या मुलीला वाचून दाखवले, तर पाच जणांच्या पाच खुणा एकाच रकान्यात पडतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्या पाच खुणांची सरासरी काढूनही काही हाती लागत नाही, कारण शोधायची गोष्ट त्यांच्यातल्या अंतरातच असते. कायद्याला एक सही पुरते. प्राप्तिकर कायदा एकत्र हिंदू कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानतो आणि त्याच्या वतीने कर्ता सही करतो. संशोधकाने मात्र कर्त्याच्या सहीला घराचे मत मानले, तर कायद्याची सोय तो ज्ञान म्हणून नोंदवतो. कोणत्या मुलाला गादीवर बसवायचे, कोणाला पुण्याला शिकायला पाठवायचे, उधारी कोणाची सोडायची, शेत विकून मशीन घ्यायचे की नाही, हे निर्णय घर आणि दुकान जिथे एकमेकांत मिसळतात तिथे होतात. त्या जागेसाठी तक्त्यात रकाना नसतो.

आपल्याच भागाचा इतिहास पाहू. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस अडला आणि इथल्या कापसाचे भाव चढले. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. मलकापूर, खामगाव, अकोला इथे जिन-प्रेस उभ्या राहिल्या त्या या ओघात. पुढे राज्य सरकारने १९७१ चा कायदा करून १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू केली आणि शेतकऱ्याकडून कापूस विकत घेण्याचा खासगी व्यापाऱ्याचा हक्क गेला. जिनवाल्याच्या धंद्याचा कणाच या खरेदीत होता. त्यापुढे जिन चालवायची तर योजनेच्या कापसाची सरकी मजुरीने काढून द्यायची, एवढाच मार्ग उरला. सुमारे तीन दशके हे चालले. या काळात किती जिन बंद पडल्या, हे सरकारी कागदांवरून मोजता येईल आणि ते मोजलेही पाहिजे. पण घराने काय केले? पैसा सरकीच्या तेलात घातला की डाळीत, की शेतजमिनीत? थोरल्याला जिनवर ठेवून धाकट्याला खताचे दुकान काढून दिले, तेव्हा पुढच्या वाटण्यांचे बीज तिथेच पेरले गेले का? मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर जवळच आणि राज्याची हद्द ओलांडली की योजना संपते, याचा कोणावर काय परिणाम झाला? ज्यांनी तेव्हा हे निर्णय घेतले ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. हा अभ्यास मुलाखतींनीच होऊ शकतो आणि त्या मुलाखतींना फार वर्षे उरलेली नाहीत.

धंद्यातल्या कसबाचेही असेच आहे. क्विंटलभर कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी सरकी. उतारा थोडासा कमी निघाला तरी गाडीमागचा नफा उडतो. म्हणून गाडी आली की जुना माणूस ढिगाच्या आतून मूठभर कापूस काढतो, बोंड उकलून सरकी दाताखाली धरतो, चार तंतू दोन्ही चिमटीत ताणून धाग्याची लांबी आणि ताकद पाहतो आणि भाव बोलतो. हे ज्ञान त्याला कोणी शिकवले, त्याने ते मुलाला दिले की पुतण्याला, मुनिमाला ते किती कळू दिले, सुनेला किंवा मुलीला त्या ढिगाजवळ कधी येऊ दिले का, यावर पुढची पिढी धंद्यात टिकणार की नाही हे बरेचसे ठरते. तक्त्यात याची नोंद ‘व्यवसायातील अनुभव: २० वर्षांपेक्षा अधिक’ अशी होते. ढिगाजवळ आठवडाभर उभा राहिलेला विद्यार्थी याहून कितीतरी जास्त लिहू शकेल, आणि त्याने लिहिलेले दुसऱ्याला त्याच ढिगाजवळ जाऊन पडताळता येईल.

गुणात्मक पद्धत म्हणजे नुसत्या गप्पा, असा एक समज आहे. तो दूर व्हायला जुन्या चोपड्या उघडून पाहाव्यात. देशी नामेपद्धतीतल्या लांबट वहीत आखलेल्या रेघा नसतात. कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असतात, तेच रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रोजमेळात दिवसाचा व्यवहार, खतावणीत माणसागणिक खाते. त्यातच घरखर्चाचे खाते असते, धर्मादायाचे असते, लग्नकार्याचेही असते. एखाद्या वर्षी मुलीच्या लग्नाला काढलेली रक्कम आणि त्याच हंगामात कमी झालेली कापूस-खरेदी शेजारी ठेवून पाहिली, की घर आणि धंदा यांचे नाते कोणाच्या आठवणीवर विसंबून न राहता समोर येते. मग वही घेऊन त्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जायचे आणि विचारायचे की हे साल कसे निघाले. आठवण वहीवर तपासायची आणि वही आठवणीवर. या कामाला आकडेवारीच्या संशोधनापेक्षा कमी शिस्त लागत नाही. मोडी किंवा महाजनी लिपी वाचता येण्याची अट त्यात आणखी असते.

मुलींच्या वाट्याचा प्रश्न तर या पद्धतीशिवाय सुटणारच नाही. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हक्कदार, मानले, जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरच्या मुलींना हा जन्मसिद्ध हक्क मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ मध्ये वडील हयात असले-नसले तरी हा हक्क लागू होतो. कायदा इतका स्वच्छ आहे. तरी वडील गेल्यावर बहिणी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात येऊन हक्कसोडपत्रावर सह्या करतात, हे मलकापुरातच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसते. अशी किती पत्रे नोंदली गेली हे मोजता येते. सही का झाली, हे त्या आकड्यात नसते. माहेर तुटू नये म्हणून झाली, भावावरचे कर्ज ठाऊक होते म्हणून झाली, लग्नातच आपला वाटा मिळाला असे तिने मानले म्हणून झाली, की कागद कसला आहे हे तिला नीट सांगितलेच नव्हते? भावाच्या घरी, भावाच्या समोर हा प्रश्न विचारला तर उत्तर एकच येणार. तिच्या घरी, वेगळ्या वेळी, विश्वास बसल्यावर विचारले तर दुसरे येऊ शकते. दोन्ही उत्तरे लिहून घेणारा आणि त्यातले एक सोयीने न गाळणारा संशोधक आपल्याला हवा आहे. आर्थिक गणनेत मालक पुरुष की स्त्री हे नोंदवले जाते, पण बाईच्या नावावरचे दुकान कोण चालवतो आणि पुरुषाच्या नावावरच्या दुकानाचा हिशेब रात्री कोण लिहितो, हे त्यात कळत नाही.

अशा चौकशीची परंपरा आपल्याकडे नवी नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते चक्रधरस्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे जाऊन आणि त्यांच्या आठवणी गोळा करून. एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या सांगण्या त्या ग्रंथपरंपरेने एकसारख्या करून टाकल्या नाहीत, पाठभेद म्हणून जपल्या. हे काम जिथे झाले ते रिद्धपूर आपल्याच विद्यापीठाच्या जिल्ह्यात आहे, आणि त्या ग्रंथाचे संपादन करणारे, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. अलीकडच्या काळात धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली ती आकड्यांची, तर इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांचा अभ्यास केला तो माणसांत फिरून, आप्तसंबंधांची नावे आणि रीती नोंदवून. दोन्ही विद्वान महाराष्ट्राचेच, आणि एकाच्या पद्धतीने दुसऱ्याची पद्धत खोटी ठरली नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की चार घराण्यांवरून जिल्ह्याबद्दल काय बोलणार? ‘किती’ या प्रश्नावर काहीच बोलता येणार नाही, हे निःसंकोच मान्य करावे. चार घरे पाहून ‘साठ टक्के घराण्यांत वाटण्या झाल्या’ असे लिहिणाऱ्याला नापासच करायला हवे. पण ‘कसे’ आणि ‘का’ या प्रश्नांना चार नीट निवडलेली घरे पुरतात: एक टिकलेले, एक फुटलेले, एक धंदा बदललेले, एक बंद पडलेले. रॉबर्ट यिन यांनी १९८४ पासून आणि कॅथलीन आयझेनहार्ट यांनी १९८९ च्या लेखात अशा निवडीचे आणि पडताळणीचे नियम मांडले आहेत. व्यवस्थापनशास्त्रात ते आज सर्वत्र वापरले जातात. बंद पडलेल्या घराचा आग्रह मी मुद्दाम धरतो. शेजारच्या जळगावात भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेल विकायला सुरुवात केली आणि पुढे ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग उभारला. ही गोष्ट सांगण्यासारखीच आहे. पण तेवढीच बचत, तेवढेच कष्ट आणि तरी दहा वर्षांत दुकान मिटले, अशा घराची गोष्ट शेजारी ठेवल्याशिवाय पहिल्या गोष्टीतले कारण कोणते आणि योग कोणता हे ओळखता येत नाही. यशोगाथा आणि संशोधन यांच्यातली सीमा इथेच आहे. मुलाखतींच्या नावाखाली यशोगाथा सादर झाल्या तर विद्यापीठाने त्या परत पाठवाव्यात.

मोठ्या आकड्यांचे काम निरुपयोगी आहे, असेही मी म्हणत नाही. दक्षिण स्पेनमधल्या १,२३७ ऑलिव्ह तेल गिरण्यांचा लुईस गोमेझ-मेहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सहकारी संस्थेत सामील झाले तर धोका कमी होत होता, आर्थिक फायदाही होता. तरी घराण्यांच्या गिरण्या बाहेर राहणे पसंत करत होत्या, कारण आत गेले की घराचा ताबा जात होता. गिरणीवरचे नाव आणि हुकमत यांना घर पैशाइतकेच, कधी त्याहून जास्त मोल देते, ही कल्पना या अभ्यासाने जगभर रुजवली. जिन आणि सहकार ज्यांनी पाहिले आहेत त्या वऱ्हाडातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. पण घराचा हा हट्ट ओसरीवर कसा बोलला जातो, त्यात आजोबांचा वाटा किती आणि नातवाचा किती, कोणत्या वर्षी तो सुटतो, हे १,२३७ ओळींच्या तक्त्यातून दिसत नाही. आकड्यांनी दार दाखवले, आत जाण्याचे काम अजून बाकी आहे. शिवाय बाहेरून आलेली चौकट इथे तशीच्या तशी बसेल असेही नाही. हार्वर्डमध्ये १९७८ साली तागिउरी आणि डेव्हिस यांनी कुटुंब, मालकी आणि व्यवस्थापन अशी तीन वर्तुळे आखली. इथल्या कितीतरी घरांत चौथी गोष्ट शेती असते आणि पाचवी भावकी. ती वर्तुळे कुठे आखायची, हे इथल्या घरांनाच विचारावे लागेल.

दुसरा आक्षेप: व्यापारी खरे सांगणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, शिवाय प्राप्तिकर आणि जीएसटीची धास्ती. हे खरे आहे, पण ते दोन्ही पद्धतींना लागू आहे. प्रश्नावलीत भरलेली खोटी उलाढाल सॉफ्टवेअरमधून जाऊन तीन दशांश स्थळांपर्यंत नेमकी होते आणि तिचा खोटेपणा कोणाच्याही हाती लागत नाही. मुलाखत घेणारा पुन्हा जाऊ शकतो, दुसऱ्या भावाला विचारू शकतो, भागीदारीपत्र, फेरफार नोंदी, दिवाणी दाव्याची कागदपत्रे पाहू शकतो. कोणती गोष्ट लपवली जाते हेही शेवटी त्या घराबद्दल काही सांगत असते. संशोधक त्याच गावचा, त्याच समाजाचा असेल तर तो पक्षपाती होईल, असेही म्हटले जाते. होऊ शकतो. म्हणून त्याने आपले नाते प्रबंधात उघड लिहावे, रोजची टिपणे तारखेसह ठेवावीत आणि परीक्षकाने ती मागून पाहावीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मलकापूरसारख्या गावात नाव बदलून काही लपत नाही. ‘नदीकाठच्या जिनचे तीन भाऊ, मधला सुरतला गेला’ एवढे लिहिले की बाजारपेठेतला हमालसुद्धा घर ओळखतो. बहिणीने विश्वासाने सांगितलेले वाक्य प्रबंधातून भावाच्या हाती पडले, तर विद्यापीठाच्या पदवीसाठी एक माहेर तुटले असे होईल. यावर सोपे उत्तर नाही. काही गोष्टी निश्चित करता येतात. परवानगी कर्त्याकडून घेतली म्हणजे सगळ्या घराची झाली असे न मानता ती प्रत्येकाकडून वेगळी, मराठीत समजावून घ्यावी. आपले बोलणे छापण्याआधी वाचण्याचा आणि ते मागे घेण्याचा हक्क प्रत्येकाला असावा. गावाचे आणि धंद्याचे ओळखू येणारे तपशील कुठे बदलले हे परीक्षकांना बंद पाकिटात कळवावे, आणि गरज असेल तर प्रबंधाचा तेवढा भाग काही वर्षे खुला करू नये. एवढे करूनही काही गोष्टी लिहिता येणार नाहीत. त्या लिहू नयेत, आणि त्या न लिहिल्याबद्दल विद्यार्थ्याचे गुण जाऊ नयेत.

विद्यापीठाकडून अपेक्षा मोठ्या खर्चाच्या नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला किमान बारा श्रेयांकांचे पूर्वअध्ययन करावेच लागते. त्यात मुलाखत घेणे, ती शब्दशः उतरवणे, टिपणांवरून मुद्दे बांधणे याचे प्रत्यक्ष शिक्षण असावे, नुसती व्याख्यापाठांतराची तासिका नको. आराखडा मंजूर करणाऱ्या समितीने ‘गृहीतक कुठे आहे’ हा प्रश्न प्रत्येक विषयाला एकाच सुरात विचारू नये. संशोधनप्रश्न नीट मांडलेला असेल तर तो पुरेसा मानावा. अशा प्रबंधाचा एक तरी परीक्षक समाजशास्त्र किंवा इतिहासाचा असावा. मार्गदर्शकांना वेळ लागेल हे उघड आहे, कारण त्यांनाही हे कोणी शिकवलेले नाही. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात कार्यशाळा घ्याव्यात आणि त्या विद्यापीठाच्या इमारतीत घेण्याऐवजी मलकापूर, खामगाव, कारंजा अशा बाजारपेठांच्या गावी घ्याव्यात.

एका गोष्टीला मात्र थांबायला वेळ नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून उरल्यासुरल्या पेढ्यांचा हिशेबही संगणकावर गेला. जुन्या चोपड्या माळ्यावर आहेत, घराच्या वाटण्या झाल्या की त्या कोणाच्याच वाट्याला येत नाहीत आणि रद्दीत जातात. तालुक्याच्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी त्या जपून ठेवण्यासाठी स्वीकाराव्यात, घराण्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या बंद ठेवाव्यात आणि त्यांची छायाचित्रे काढून मूळ वह्या हव्या असतील तर परत कराव्यात, असे परिपत्रक विद्यापीठाने या दिवाळीच्या वहीपूजनाआधी काढावे. त्या दिवशी जुन्या वह्या खाली उतरतातच.

कळावे,
मलकापूरचा एक नागरिक
मलकापूर, जि. बुलढाणा